थोडासा हात फिरवला

११ ऑगस्ट २०२४, रविवार

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. काल नागपूरहून धनेंद्रचा फोन आला. कला महाविद्यालयात आम्ही एका बाकावर होतो, तो आता तिथे एक छोटं कलादालन चालवतो. म्हणाला, फेब्रुवारीत आठवडाभर भिंती रिकाम्या आहेत, बारा चित्रं घेऊन ये. मी लगेच हो म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की दाखवावीत अशी बारा चित्रं माझ्याकडे नाहीत. वयाचं सत्तेचाळिसावं वर्ष चालू आहे.

म्हणजे चित्रं आहेत, पण सारस पक्ष्यांची. जोडी, तळं, मागे लाल सूर्य. गोंदियात डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये बसलो की समोर माझेच सारस उभे असतात आणि मी मोबाइल काढून खाली बघत बसतो.

विद्यार्थी होतो तेव्हा बाबांचं खळं काढायचो, धानाचे पुंजणे, म्हणजे कापलेल्या पेंढ्यांचे ढीग, काढायचो. पहिल्या वर्षी आमच्या सरांनी माझ्या हातातून ब्रश घेतला, दहा मिनिटांत पुंजण्यांचे त्रिकोण केले आणि म्हणाले, आता हे चित्र झालं. त्याला कॉलेजचं बक्षीस मिळालं. सरांचे ते उपकार मी विसरलेलो नाही. पुढची सात-आठ वर्षं मी त्रिकोणच काढले. मग कुडव्याकडच्या ह्या शाळेत चित्रकला शिक्षक झालो, लग्न झालं, फुलचूरला घर झालं. त्रिकोण गेले, नागऱ्याचं देऊळ आलं. ते गेलं, सारस आले. कोणी विचारलं की 'सध्या काय चाललंय?' तर मी शाळेचं वेळापत्रक सांगतो.

१४ ऑगस्ट, बुधवार

नववी ब ला आज स्पर्धेसाठी चित्रं काढायला लावली. इथल्या तांदूळ व्यापाऱ्यांची एक संस्था दरवर्षी शाळांची स्पर्धा घेते. पहिलं आलेलं चित्र नव्या वर्षाच्या त्यांच्या कॅलेंडरवर छापतात, मुलाला सायकल देतात. विषय: धानाचा हंगाम. सगळ्यांनी मी शिकवलं तसंच काढलं. दोन डोंगर, मधून सूर्य, झोपडी, नारळाचं झाड. आमच्याकडे नारळ कुठे आहेत, हे एकालाही सुचलं नाही.

भूमेश्वरी नावाची एक मुलगी आहे. दोन आठवडे आली नव्हती, आईबरोबर रोवणीला, धानाची रोपं लावायला, जात होती. तिने सगळा कागद हिरव्या आणि चिखलाच्या रंगाने भरला. नुसत्या वाकलेल्या बायांच्या पाठी, तोंड एकीचंही नाही. मधोमध एक बाई कंबरेवर हात ठेवून सरळ उभी आहे आणि आपल्याकडे बघते. तिचेही डोळे काढलेले नाहीत, तरी बघते हे कळतं. मी विचारलं, आकाश कुठे आहे? ती म्हणाली, "बांधीतल्या पान्यात आहे ना सर." खरंच, धानाच्या शेतात साचलेल्या पाण्यात एक निळसर पट्टा होता.

रचनेच्या दृष्टीने चूकच. तरी मी तिथे जरा जास्त वेळ उभा राहिलो.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

मुख्याध्यापक भोजराज सरांनी बोलावलं. तीन वर्षांत आपल्या शाळेला एकही बक्षीस नाही, संस्थाचालक विचारून राहिले, म्हणाले. मी सांगितलं, मुलं आहेत, जसं जमतं तसं काढतात. त्यावर ते हसून म्हणाले, "तुम्ही थोडासा हात फिरवा ना. सगळ्या शाळांत फिरवतात." त्यांचं म्हणणं खोटं नाही. मी स्वतः दुसऱ्या तालुक्यात परीक्षक म्हणून गेलो होतो, तेव्हा सातवीच्या मुलाचं म्हणून समोर आलेलं चित्र कुठल्या शिक्षकाचं आहे हे आम्ही तिघांनी नावानिशी ओळखलं होतं आणि चहा प्यालो होतो.

२५ ऑगस्ट, रविवार

पाच कागद घरी आणले होते. चारांवर फार काम नव्हतं. सूर्याला गोलाई दिली, बैलाला पाचवा पाय होता तो काढून टाकला.

भूमेश्वरीच्या चित्राला मात्र वेळ लागला. वरचा एक तृतीयांश भाग घेऊन आकाश घातलं. बायांना तोंडं दिली, तीनजणी हसऱ्या केल्या. लुगडी चिखलाच्या रंगाची होती, ती हिरवी-लाल केली, छपाईत उठून दिसतील. उभी बाई फार खटकत होती, नजर तिथेच अडकते. पोस्टर कलर जाड घेऊन तिला झाकलं आणि तिथे एक वाकलेली बाई काढली. उजव्या कोपऱ्यात जागा उरली, तिथे सारसांची जोडी. हात आपोआप गेला.

संध्याकाळी पाहिलं तर बक्षीसपात्र दिसत होतं. मुलीचं भलंच होईल. शाळेत पायी येते ती, साडेचार किलोमीटर.

८ सप्टेंबर, रविवार

मोठा कॅनव्हास ताणला. गेले दहा दिवस डोळ्यांसमोर एकच येतं आहे, म्हणून सरळ सुरुवात केली. रोवणी. नुसत्या पाठी. तोंडं नाहीत, आकाश नाही, सगळा कॅनव्हास बांधीच. वीस वर्षांनी पहिल्यांदा ब्रश माझ्या पुढे धावतो आहे असं वाटलं. जेवायचंही भान राहिलं नाही.

विषय शेवटी आपल्या मातीतच असतो. इतकी वर्षं मी उगाच बाहेर शोधत होतो.

२९ सप्टेंबर, रविवार

दुसरा कॅनव्हासही होत आला. पहिल्यात मधोमध एक उभी बाई घेतली आहे. सगळ्या आडव्या रेषांत एक उभी रेषा, त्याने चित्र ताठ राहतं.

गुंजन चहा घेऊन आली. माझी बायको माझ्या चित्रांबद्दल सहसा बोलत नाही. तिचं माहेर गोंदिया बाजारातलं, ती घरात हिंदीच बोलते. बराच वेळ पाहून म्हणाली, "पहलेवालों से बहुत अच्छा है. ये औरत किसको देख रही है?"

मी म्हणालो, कोणालाच नाही, रचनेसाठी उभी आहे.

२० ऑक्टोबर, रविवार

दोन बातम्या. भूमेश्वरीचं चित्र जिल्ह्यात पहिलं आलं. भोजराज सरांनी सगळ्यांना पेढे वाटले, मला दोन दिले.

दुसरी: धनेंद्रला सहा कॅनव्हासचे फोटो पाठवले होते. त्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता. म्हणाला, देवानंद, हे कुठे लपवून ठेवलं होतंस? चित्रांसोबत भिंतीवर लावायला चार ओळी हव्यात, हे सुचलं कसं ते लिही. मी लिहिलं: लहानपणी शाळेतून येताना मी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर उभा राहायचो, रोवणीत वाकलेली आई मला पाहून क्षणभर सरळ व्हायची.

अगदी असंच घडलं असं नाही. पण भावना खरी आहे.

१ डिसेंबर, रविवार

निवडणुकीमुळे लांबलेला बक्षीस समारंभ आज झाला. भूमेश्वरीची आई मळणीमुळे आली नाही. मुलगी शाळेच्या गणवेशात, तेल लावून घट्ट वेण्या घालून एकटी पहिल्या रांगेत बसली होती.

स्टेजवर चित्र फ्रेम करून, वर कापड टाकून ठेवलं होतं. संस्थेचे अध्यक्ष चुन्नीलालजी यांनी कापड ओढलं. टाळ्या झाल्या. तिला बोलावलं. ती चढली, चित्रासमोर गेली आणि थांबली. मग जवळ जाऊन खालचं नाव वाचलं. परत चित्र पाहिलं. सायकलची किल्ली घ्यायला हात पुढे करेना. चुन्नीलालजी वाकून काहीतरी म्हणाले. माइक चालू होता, त्यामुळे तिचं बोलणं सगळ्या हॉलमध्ये ऐकू आलं.

"हे माह्यं नोहे."

लोक कौतुकाने हसले. चुन्नीलालजी म्हणाले, कितनी सीधी बच्ची है. किल्ली तिच्या हातात ठेवली, फोटो काढला.

मी तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत होतो. हे लिहिताना मला कळतं आहे की सगळ्यांचं थांबल्यावरही मी वाजवत होतो. मग भोजराज सरांनी मलाही वर बोलावलं, दोन शब्द बोला म्हणाले. मी म्हणालो, मुलांमध्ये असतंच, आम्ही फक्त दिशा दाखवतो. ती खाली उभी राहून माझ्याकडे बघत होती.

३ डिसेंबर, मंगळवार

नववी ब चा तास. भूमेश्वरीने कोरा कागद दिला. कागदावर नाव, हजेरी क्रमांक, तारीख. बाकी काही नाही. 

१७ डिसेंबर, मंगळवार

पुन्हा कोरा.

मी ठरवलं होतं की तिला बाजूला घेऊन समजावीन: असं सगळीकडे चालतं, तुझ्या भल्यासाठीच होतं. वाक्यं तयार होती. व्हरांड्यात ती समोरून आली आणि मी टीचर्स रूममध्ये शिरलो. काही काम नव्हतं. खडूचा डबा उघडला, बंद केला.

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज जे केलं ते लिहू नये असं वाटतं आहे. म्हणूनच लिहितो.

जिल्ह्यात पहिली आली म्हणून भूमेश्वरीला नागपूरच्या विभागीय स्पर्धेत परीक्षकांसमोर बसून चित्र काढायचं आहे. ती जाणार नाही म्हणाली. भोजराज सर म्हणाले, घरी जाऊन आईला समजावा. गेलो. दोन खोल्यांचं घर, अंगण स्वच्छ सारवलेलं. आईचं नाव सुमित्राबाई. थोडी बांधी स्वतःची, बाकी लोकांकडे रोवणीला, कापणीला जाते. मला खुर्ची दिली, स्वतः जमिनीवर बसली. समोर भिंतीवर कॅलेंडर. बारा महिन्यांवर एकच मोठं चित्र.

नागपूरचा विषय काढण्याआधीच ती म्हणाली, तुमचे लय उपकार आहेत सर. मग उठून कॅलेंडरपाशी गेली.

"पोरगी सांगे का आई, चितरात तू हायेस. आता इचारलं त दाखवत नाई. यात मी कोनती होय सर?"

भूमेश्वरी आतल्या दारात उभी होती.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी उठलो, कॅलेंडरजवळ गेलो आणि डावीकडून तिसऱ्या बाईवर बोट ठेवलं. म्हणालो, ही.

सुमित्राबाईने नाक लावून पाहिलं. म्हणाली, "हिरवं लुगडं त माह्यापाशी नाई."  मग माझीच समजूत काढल्यासारखं म्हणाली, "असल बाप्पा. रंग आहे तो."

मी चहा पूर्ण प्यालो. दारात आता कोणी नव्हतं. नागपूरचं काही बोललोच नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गुंजनने तिळाचे लाडू केले. मी वरच्या खोलीत नऊ कॅनव्हास भिंतीला ओळीने लावून बसलो होतो. ती वर आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. आकाश, लुगडी, सारस, बोट ठेवलं ते.  मग पहिल्या कॅनव्हासकडे हात करून म्हणाली, "और मैं सोचती थी ये अम्मा हैं. तुमने वैसा ही लिखा था."

माझी आई कधी रोवणीला गेलीच नाही. आमच्याकडे मजूर असायचे. आई दुपारी भाकरी घेऊन धुऱ्यापर्यंत यायची, पाय चिखलात न घालता परत जायची. हे गुंजनला माहीत होतं. ती फक्त मीच लिहिलेलं वाक्य मला परत ऐकवत होती.

नऊच्या नऊ कॅनव्हास त्या एका कागदाचे आहेत. मला हे आज कळलं असं लिहिणार होतो. ते खरं नाही. पहिल्या दिवशीच कुठेतरी माहीत होतं, म्हणून तर तो कागद मी पुन्हा डोळ्यांसमोर आणायचं टाळत होतो आणि हाताने मात्र तोच काढत होतो.

१८ जानेवारी, शनिवार

शाळा सुटल्यावर भूमेश्वरीला थांबवलं. व्हरांड्यात, सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी. मी उभा होतो, तीही उभी. तुझं चित्र मी बिघडवलं, म्हणालो. बिघडवलं हा शब्द तोंडातून निघायला वेळ लागला, आधी दोनदा 'बदललं' असं म्हणालो. मग कॅनव्हासचंही सांगितलं. तुझ्यावरून मी नऊ मोठी चित्रं काढली आणि कोणाला तुझं नाव सांगितलं नाही.

तिने विचारलं, "तुमच्यावाल्या चित्रात ते बाई उभी आहे का?"

आहे, म्हणालो.

"मंग तुमाले समजलं होतं."

ती रागावली नव्हती. गणित सुटल्यावर मुलं बोलतात तसं बोलली. आई दिवसभरात एकदाच तशी उभी राहते, तिने सांगितलं. शाळा सुटायच्या वेळी, मुलगी येताना दिसते का पाहायला. यंदा रोवणीच्या दिवसांत भूमेश्वरी आईच्या बाजूलाच वाकलेली होती, तरी त्या वेळेला आई उभी राहायची आणि रस्त्याकडे बघायची. सवयीने. मग दोघी हसायच्या.

मी हे सगळीकडे सांगतो, म्हणालो. तिने थोडा विचार केला आणि दोन गोष्टी मागितल्या. ही लबाडी मी केली नाही असं कागदावर लिहून द्या. आणि आईला तुम्हीच सांगा.

१९ जानेवारी, रविवार

सांगितलं. सुमित्राबाई अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. मी खुर्ची घेतली नाही. बोटाचंही सांगितलं, की त्या चित्रात तुम्ही नाहीच, मी त्या दिवशी खोटं बोललो.

तिचं सूप थांबलं नाही. सगळे तांदूळ पाखडून झाल्यावर तिने कोंडा झटकला आणि विचारलं, "मी वाईट दिसत होती का सर?"

मी नाही म्हणालो. नाही, नाही, तसं नाही.  खरं म्हणजे त्या कागदावर तिच्याइतकं चांगलं दुसरं काहीच नव्हतं. हे मला तिथे सुचलं नाही, स्कूटर फुलचूरच्या वळणावर आली तेव्हा सुचलं. परत गेलो नाही.

निघताना तिने विळा घेऊन कॅलेंडरवरचं चित्र कडेने नीट कापलं. खालचे महिने परत खिळ्याला लावले, तिथी पाहायला लागते म्हणाली. चित्राची घडी करून माझ्या हातात दिली. "हे तुमचं होय. घेऊन जा."

२२ जानेवारी, बुधवार

संस्थेला पत्र दिलं, एक प्रत भोजराज सरांना, एक भूमेश्वरीला. पत्रात तिने काही केलेलं नाही हे वाक्य दोनदा लिहिलं. भोजराज सरांनी दार लावून घेतलं. ते म्हणाले, "हात फिरवा म्हणालो तेवढंच का ऐकलं? बाकी तर काही ऐकत नाही तुम्ही." त्यांचं नाव पत्रात नाही. त्यांच्या सांगण्यावरून केलं असलं तरी ब्रश माझ्या हातात होता. तरीही ते घाबरले आहेत हे दिसत होतं, आणि मला त्यांची कीव आली. लगेच त्या कीव करण्याचीही लाज वाटली.

धनेंद्रला फोन केला, प्रदर्शन रद्द. तो म्हणाला, वेडा आहेस का? रोवणी काय कोणाच्या मालकीची आहे? सगळेच कुठून ना कुठून घेतात. त्याचं म्हणणं ऐकताना बरं वाटत होतं. फार बरं वाटायला लागलं तेव्हा फोन ठेवला.

३ फेब्रुवारी, सोमवार

चुन्नीलालजींनी निरोप पाठवला: कॅलेंडरं वाटून झाली, आता गाजावाजा नको, सायकल मुलीकडेच राहू द्या. पण सायकल गुरुवारपासून शाळेच्या स्टँडमध्ये उभी आहे. किल्ली ती भोजराज सरांच्या टेबलावर ठेवून गेली. पुन्हा पायी येते.

मला मेमो मिळाला. आठवी आणि दहावीचे तास काढून घेतले, नववी तेवढी उरली. टीचर्स रूममध्ये कोणी टोमणा मारत नाही. मी आलो की सगळे वह्या तपासायला लागतात.

आज नववी ब ला मी स्वतः सांगितलं. फळ्याकडे पाठ करून, हात मागे बांधून. मागच्या बाकावरून एकजण हसला. दुसऱ्याने विचारलं, सर, माझ्या बैलाचा पाय पण तुमीच काढला का? हो, म्हणालो. तो म्हणाला, ते शेपूट होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज नागपूरला प्रदर्शन उघडलं असतं. नववी ब चा तास शेवटचा होता. विषय दिला नाही, काय काढायचं ते काढा म्हणालो. निम्म्यांनी डोंगर आणि सूर्य काढला. एकाने राईस मिलची चिमणी काढली, धूर कागदाच्या बाहेर बाकावर गेला. मी पुसायला सांगितलं नाही.

भूमेश्वरी काढत होती. डिसेंबरपासून पहिल्यांदा. डावा हात कागदाभोवती आडवा ठेवून, मान खाली घालून. मी रांगेतून फिरत तिच्या मागच्या बाकापर्यंत आलो, तशी तिने कोपर आणखी पुढे घेतलं. मी वळलो आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. तासभर बाहेर पाहिलं. बाहेर मुलांच्या सायकली होत्या, दुसरं काही नव्हतं.

घंटा झाली. सगळ्यांनी कागद टेबलावर आणून ठेवले. तिने आपला कागद वहीत घातला, वही दप्तरात घातली आणि माझ्यासमोरून गेली. नियमाने मागायला हवा होता.

नोंदवहीत तिच्या नावापुढे मी लिहिलं: काम पूर्ण. न बघता.